रोही ‘लेव्हल टू’ जुमानत नाही

दसऱ्याला वाशीममध्ये नव्या गाडीची पूजा झाली की पहिली आंधळी होते ती गाडीच. नाकावर झेंडूचा हातभर जाड हार चढतो आणि त्याच्यामागे रडार गुदमरतं. पुढच्या काचेवर, आरशाच्या मागे कॅमेरा असतो. नेमक्या त्याच्यासमोर ‘श्री बालाजी प्रसन्न’ चिकटवलेलं असतं. समोरचं दिसत नाही, असा संदेश गाडी पडद्यावर देते. मालक तो दिवा पाहून हात जोडतो.

या रडार-कॅमेऱ्याच्या जोडीवर चालणाऱ्या प्रकाराला शोरूमपासून पानटपरीपर्यंत सगळे ‘अ‍ॅडास’ म्हणतात. समोर अडथळा आला तर गाडी स्वतः ब्रेक मारते, पट्टा सोडला तर स्टिअरिंग हळूच आत ओढते, पुढच्या गाडीशी अंतर राखत वेग कमीजास्त करते. २०२० मध्ये एमजीच्या ग्लॉस्टरमध्ये आणि २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये हे आलं, तेव्हा लोक बघायला जमत. २०२४ संपता संपता होंडाच्या अमेझसारख्या छोट्या गाडीतही ते येऊन बसलं. आता वाशीमच्या एमएच ३७ पासिंगच्या गाडीत अ‍ॅडास असणं नवलाचं नाही. ते वापरता येणं मात्र अजूनही नवलाचंच आहे.

मालेगावचे एक कृषी केंद्रवाले भाऊ घ्या. नाव नको, कारण असे भाऊ वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत आहेत. म्हणतात, ‘‘हे गाडी माह्यापेक्षा हुशार हाये बाप्पा!’’ यात खोटं काही नाही. पण आपल्यापेक्षा हुशार नोकर ठेवल्यावर त्याचं ऐकायचं असतं, एवढं भाऊंना दुकानात कळतं आणि गाडीत कळत नाही.

भाऊंच्या गाडीत बिघाडही झाला होता. ओव्हरटेक करायला घेतलं की स्टिअरिंग उलट ओढायचं. भाऊंनी लिंबू-मिरची बदलली. ओढणं थांबलं नाही. मेकॅनिकने पाच मिनिटांत रोगाचं मूळ सांगितलं: भाऊ इंडिकेटर देत नाहीत. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की गाडीला वाटतं चालक पेंगला, म्हणून ती त्याला परत जागेवर आणते. भाऊंचं म्हणणं पडलं, ‘‘मले मालूम हाये ना मी कुठं वळून राह्यलो, मंग दिवा कायले लावू?’’ पिढ्यान् पिढ्या बैलबंडीवरून हात आणि मोटारसायकलवरून पाय बाहेर काढून वळलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

मग अंतर. समोरच्या गाडीपासून दोन-तीन सेकंदांचं अंतर ही यंत्राची श्रद्धा. अकोला–वाशीम रस्त्यावर एवढी जागा दिसली की तिच्यात काळीपिवळी शिरते. गाडी सभ्यपणे वेग कमी करून नवं अंतर ठेवते. त्यात अ‍ॅपे शिरते. पुन्हा अंतर, पुन्हा मोटारसायकल, तीवर तिघं आणि युरियाचं पोतं. सगळं यंत्राच्या मनासारखं झालं तर मेडशीहून वाशीमला निघालेली गाडी संध्याकाळी पातूरला पोचेल.

वेगमर्यादेच्या पाट्या वाचणारा कॅमेराही काही गाड्यांत असतो. आपल्याकडे तो बिचारा भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा फलक वाचत बसतो, कारण पाटी त्याच्या मागे असते. रस्त्यावरच्या रेघा पाहून पट्टा राखणारी व्यवस्था आतल्या गावरस्त्यांवर येताच बहुधा गप्प होते. पाहणार काय? रेघ नाही. कधी कधी तर रस्ताही नाही. सोयाबीनच्या दिवसांत अर्ध्या डांबरावर दाणा वाळत असतो, दगडांची हद्द आखून. ती हद्द मात्र सगळे पाळतात.

हे झालं रस्त्याचं. आता माणसांचं पाहू. इशारा विकत घ्यायचा आणि मग तो गप्प करायचा, यात आपला हात धरणारं कोणी नाही.

बेल्ट लावला नाही तर गाडी ओरडते. त्यावर देशाने शोध लावला तो खोट्या बकलाचा. खाचेत क्लिप खुपसली की गाडीला वाटतं, मालक बांधला गेला. हा माल इतका खपत होता की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरवायला लावल्या. ज्यांना क्लिपवर पैसे घालवायचे नाहीत ते बेल्ट पाठीमागून घेऊन बकल लावतात आणि त्यावर रेलून बसतात. तीन बिंदूंचा हा पट्टा व्होल्व्होच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये दिला, आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं. फुकट मिळालं म्हणून किंमत नाही, दुसरं काय!

मागे बसणाऱ्याला तर बेल्ट ही मानहानी वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी नामांकित होती, एअरबॅगवाली होती. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बेल्ट नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागचे बेल्ट गादीखालून उकरून काढले. मग ते पुन्हा गादीखाली गेले.

गादी म्हणजे सीट कव्हर. शोरूममधून निघालेली गाडी आधी कव्हरवाल्याकडे नेतात. सहा एअरबॅगांपैकी दोन बहुधा पुढच्या सीटच्या बाजूला असतात, सीट फाडून बाहेर यायचं त्यांचं काम. आपण तिच्यावर जाड, टिकाऊ, दुहेरी शिलाईचं रेक्झिन चढवतो. कारागीर अभिमानाने सांगतो, ‘‘भाऊ, दहा वर्षं फाटत नाही.’’ नेमकी तीच भानगड आहे.

पुढे लोखंडी बंपर. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. धडकेत चेपून धक्का गिळायचा हे गाडीच्या नाकाचं काम; लोखंडी दांडा ते होऊ देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला गोंधळात टाकतो आणि रडारच्या आड येतो तो वेगळाच. आणि पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर लेकरू. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, तिच्या पुढ्यात सगळ्यात आधी ते लेकरू येतं. याला लाड म्हणतात.

आता समृद्धी.

कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा हा महामार्ग जिल्ह्यातून जवळपास शंभर किलोमीटर जातो. नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला. मोटारीला १२० ची मर्यादा. रेघा ठळक, वळणं सौम्य, ट्रॅक्टरला आणि दुचाकीला बंदी. अ‍ॅडासने जन्म घ्यावा तर इथे घ्यावा. आणि इथेच ते सगळ्यात घातक, कारण इथे ते चांगलं चालतं. पंधरा मिनिटं गाडी स्वतःहून नीट गेली की भाऊंचा तिच्यावर विश्वास बसतो. विश्वास बसला की हात सुटतात. तंबाखू मळायला दोन्ही हात लागतात, खर्ऱ्याची पन्नी सोडायलाही. वऱ्हाडात पट्टा राखणाऱ्या यंत्राचा हा खरा उपयोग.

स्टिअरिंगवर हात नाही हे गाडीला कळतं आणि ती टोकते. मग पाण्याची बाटली अडकवून तिला फसवायचं, आणि त्याचा व्हिडिओ करायचा. शून्य ते पाच अशा सहा श्रेण्यांपैकी आपल्या गाड्या फार तर श्रेणी दोनच्या, म्हणजे ‘लेव्हल टू’. म्हणजे नजर आणि जबाबदारी पूर्णपणे चालकाची. दोन नंबरच्या गाडीत बसून भाऊ पाच नंबरची झोप काढतात.

साधा हिशेब आहे. १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हो’ लिहायला तीन सेकंद धरा. शंभर मीटर गाडी एकटी गेली. पुढे काही दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, आणखी पन्नास.

इथे थोडं सरळ बोलतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस वाशीम जिल्हा ओलांडून गेली आणि सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला आदळून पेटली. २५ माणसं गेली. १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ याच महामार्गावर सैलानीहून परतणाऱ्या भाविकांचं वाहन ट्रकवर आदळलं, १२ गेले. तो ट्रक परिवहन विभागाच्या लोकांनीच थांबवल्याचा आरोप झाला, दोघांना अटकही झाली. म्हणजे १२० च्या रस्त्यावर पुढचं वाहन उभं असू शकतं. आणि वेगात असताना एकदम समोर आलेलं उभं वाहन ओळखणं, हीच अंतर राखणाऱ्या यंत्रांची दुबळी जागा. गाड्यांच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. पुलाचा कठडा, फलकाचा खांब, कडेची जाळी अशा प्रत्येक स्थिर वस्तूला रडार घाबरलं तर गाडी पावलोपावली ब्रेक मारेल. म्हणून स्थिर गोष्टींकडे त्याला बरंच दुर्लक्ष करायला शिकवलेलं असतं. हलत्या गाडीमागे ते शहाणं. पंक्चर काढायला थांबलेल्या ट्रकमागे त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

झोपेवरही इलाज आहे. चालक पेंगतोय असं वाटलं की काही गाड्या पडद्यावर कॉफीच्या कपाचं चित्र दाखवतात. समृद्धी खुला झाला तेव्हा कप नुसता पडद्यावरच होता, रस्त्यावर टपरीसुद्धा नव्हती. आता सोयी वाढताहेत. पण तो कप दिसला की भाऊ काच खाली करतात, गाण्याचा आवाज वाढवतात आणि म्हणतात, ‘‘अजून अर्धा तास.’’ चित्र बंद कसं करायचं, हे त्यांनी पुतण्याकडून शिकून घेतलंय.

आणि रोही.

नीलगाय म्हटलं की ती कागदावरची वाटते. आमच्या शेतात येतो तो रोही. दोन-अडीच क्विंटलचा गडी, तुरीतून उठतो आणि रस्त्यावर उडी घेतो, उजवीकडे-डावीकडे बघत नाही. समृद्धीवर कुंपण आहे, वन्यप्राण्यांसाठी वरून-खालून वाटा बांधल्या आहेत, कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्यही याच वाटेवर आहे. पण मंगरूळपीर, मानोऱ्याच्या रस्त्यांवर कुंपण कुठलं! स्वतः ब्रेक मारणाऱ्या यंत्राला मुख्यतः गाडी, माणूस आणि सायकल ओळखायला शिकवलेलं असतं. रोही त्याच्या अभ्यासक्रमात बहुधा नाही. रानडुक्कर तर उंचीतच मार खातं. रात्री दिव्याविना निघालेली, कुटाराने दोन्ही अंगांनी फुगलेली ट्रॉली पाहून जर्मनीत शिकलेल्या कॅमेऱ्याने काय समजावं?

हुशार यंत्राचा गोंधळ कसा होतो याचा दाखला अमेरिकेत आहे. १८ मार्च २०१८ ला अ‍ॅरिझोनातल्या टेंपे शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. चौकशीत निघालं की यंत्राने तिला काही सेकंद आधी पाहिलं होतं; पण ती कधी अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल वाटत राहिली. आत देखरेखीला माणूस बसवलेला होता, त्याची नजर फोनवर होती. अमेरिकेचा रुंद, मोकळा रस्ता होता हा.

मग हे सगळं बंद करून टाकायचं? अजिबात नाही. बंद करून मिरवणारेही भाऊच. ट्रकवर क्लीनर असतो, तसं हे यंत्र आहे. तो पत्र्यावर थाप मारून सांगतो, डावीकडे मोटारसायकल आहे, मागे जागा नाही. शहाणा ड्रायव्हर थाप ऐकतो. पण क्लीनर आहे म्हणून कोणी ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून मागे फळीवर आडवा होत नाही. झालाच तर मालक दोघांनाही काढतो.

तेव्हा भाऊ, एवढंच करा. हार घाला, पण गाडी सुरू करण्याआधी काढा. कॅमेऱ्यासमोरची काच पुसा. देवाला कडेला बसवा, त्याला चालतं. इंडिकेटर द्या, गाडीच्या समाधानासाठी का होईना. बेल्ट लावा, मागच्या सीटवरच्या सासऱ्यांनाही. लेकराला मागे बसवा. साइड एअरबॅगची जागा मोकळी ठेवणारं कव्हर मिळतं, ते घाला. अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर एबीएसच्या गाडीत पाय उचलून-दाबून पंप करू नका. पूर्ण दाबून धरा, पायाखाली थरथरलं तरी सोडू नका. पाऊस, धुकं, चिखल असेल तेव्हा यंत्रालाही कमी दिसतं हे लक्षात ठेवा. आणि गावात शिरताना क्रूझ बंद.

२०२३ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं मेली. त्या अपघातांतल्या किती गाड्यांत अ‍ॅडास होतं, हा प्रश्न शोरूमवाले विचारतील. किती चालक समोर बघत होते, हा विचारणारं कोणी नाही, कारण समोर बघणं कुठल्याच वरच्या मॉडेलमध्ये विकायला ठेवलेलं नाही.

हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, जबाबदारी चालकाची या वाक्यासकट. भाऊंची पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, सील न फोडलेली. गाडी विकायची वेळ आली तर तेवढा एकच भाग शोरूम कंडिशनमध्ये निघेल.