प्रवाळाची सेकंड शिफ्ट

पिंपरी-चिंचवडला काय नाही? पवना आहे, इंद्रायणी आहे, एमआयडीसी आहे, मेट्रो आहे, चाकणला जाणारा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर तळेगाव चौकात उभं राहून आयुष्याचा विचार करायला लागेल तेवढा वेळ आहे. नाही तो फक्त समुद्र. तो सह्याद्रीपलीकडे, घाट उतरून गेल्यावर, आपल्यापेक्षा साधारण साडेपाचशे मीटर खाली.

तरीही इथल्या काही बिऱ्हाडांत समुद्र नांदतो. मीठ पाकिटातून येतं, पाणी आरओतून येतं आणि सूर्य कुरिअरने येतो. मिठाचं गणित लवकर पाठ होतं: लिटरला साधारण 35 ग्रॅम, हायड्रोमीटरवर 1.025. पाण्याचं जरा अवघड. महापालिका नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सोडते आणि त्यातलंही बरंचसं आरओ नापास करून बाजूला काढतो. त्या नापास पाण्याने घरातल्या फरश्या लख्ख राहतात, हा या छंदाचा एकमेव निर्विवाद फायदा. माणसाची खरी परीक्षा होते ती सूर्य निवडताना.

आमच्या मजल्यावर असा एक समुद्र आहे. त्याचे मालक चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत, म्हणून सोसायटीत त्यांना सगळे क्यूए साहेब म्हणतात. बराच काळ त्यांनी क्लाउनफिशची जोडी सुखाने सांभाळली. मग त्यांच्या मनाने प्रवाळ घेतलं. "आता टँकला जरा जिवंतपणा येईल," ते म्हणाले.

"का? मासे मेलेत का?" वहिनींनी आतून विचारलं.

साहेबांच्या आईंना मात्र बेत पसंत पडला. पोवळं मंगळाला चांगलं, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या अनामिकेत एक होतंच. आता गंमत अशी, की अंगठीत बसतं ते तांबडं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते अंधाऱ्या कपारींत, गुहांच्या छतांना वाढतं, आणि त्याला उजेडावर जगायचंच नसतं. विजेचं बिल न वाढवणारं प्रवाळ घरात आधीपासूनच होतं. पण त्याच्याकडे कोणी त्या नजरेने पाहिलं नाही.

टाकीत ठेवतात त्या प्रवाळांची तऱ्हा निराळी. प्रवाळ हा प्राणी, पण या जातींच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. उजेड मिळाला की ती साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. उथळ पाण्यातल्या पुष्कळ जातींचं पोट बहुतांशी यावरच भरतं. म्हणजे टाकीवर टांगलेला दिवा शोभेचा नव्हे, रोजच्या जेवणाचा. हे साहेबांनी वहिनींना नीट समजावून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग तुमचा डबा बंद करून तो खर्च तिकडे वळवू या." त्या अर्थशास्त्राच्या पदवीधर आहेत.

दिवा घ्यायला गेलं की पहिला धक्का रंगाचा बसतो. आपल्याला वाटतं, सूर्य म्हणजे पिवळसर पांढरा. दुकानात मात्र सगळं निळं. त्यात दुकानदाराचा दोष नाही, पाण्याचा आहे. पाणी तांबडा रंग आधी शोषून घेतं. दहा मीटर खाली तांबडं जवळजवळ उरत नाही. तिथे बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसतं. निळा तेवढा खोल जातो. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे, आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचं. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि त्यावर जिवंत प्रवाळ आहेत. सरखेलांच्या त्या मुलुखात भर दुपारी बारा वाजताही उजेड निळाच असतो. म्हणून प्रवाळाच्या दिव्यांत भरणा असतो तो 400 ते 480 नॅनोमीटरच्या जांभळ्या-निळ्या पट्ट्यातल्या एलईडींचा.

हे सगळं साहेबांनी ऐकून घेतलं. पण क्वालिटीचा माणूस ऐकीव गोष्टीवर सही करत नाही. त्यांनी परत करायच्या बोलीवर दोन दिवे घरी आणले, एक पांढरा आणि एक निळा, आणि कारखान्यातून रीतसर गेटपास करून लक्समीटर. मीटरच्या पाठीवर कॅलिब्रेशनचं हिरवं स्टिकर, त्यावर तारीख, पुढची तारीख आणि कुणाची तरी झोकदार सही. मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. साहेबांनी हॉलचे पडदे ओढले, टाकीच्या काठावर फूटपट्टी आडवी ठेवली, अंतर जुळवलं आणि पांढरा दिवा लावला. मीटरचा आकडा धावत सुटला आणि हजारांच्या घरात जाऊन थांबला. मग निळा लावला. हॉल एकदम पाण्याखाली गेल्यासारखा झाला, पण मीटर काही हलेना. कसाबसा थोडा वर सरकला आणि तिथेच बसून राहिला.

"निळा रिजेक्ट," साहेब म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं.

मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला प्रश्नच भलत्याचा विचारला होता. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त मान देतो. 450 नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या पंचवीस-सव्वीसाव्या हिश्श्याइतकाच. मीटर त्याच हिशोबाने घडवलेला. कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर तो बरोबरच असतो, कारण तिथे बंपरवरचा ओरखडा माणसाला दिसायला हवा असतो. इथे तपासणीला शैवाल बसलं आहे. त्याला निळा भरपूर उपयोगी पडतो आणि त्याला कुणी कॅलिब्रेशनचं स्टिकर लावलेलं नाही.

शैवालाच्या बाजूने मोजायचं तर 'पार' मोजतात. 400 ते 700 नॅनोमीटरमधले प्रकाशकण दर सेकंदाला चौरस मीटरवर किती पडतात, तो हिशोब, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हाचा पार साधारण 2000. पाळणाऱ्यांचा अनुभव असा, की मशरूम आणि मऊ प्रवाळं 50 ते 150 मध्ये समाधानी असतात. फांद्या फुटणाऱ्या अक्रोपोरासारख्या दगडी जातींना 250 च्या वर लागतो. पारमीटर मात्र महाग. एकाने घ्यायचा आणि दहा जणांनी मागून न्यायचा, अशीच त्याची रीत आहे.

साहेबांच्या त्या प्रयोगात एक गोष्ट मात्र वहीत लिहायची राहिली. निळा दिवा लागला तेव्हा दुकानदाराने नमुन्याला दिलेला, एरवी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसणारा मशरूम प्रवाळाचा तुकडा पेटल्यासारखा तांबडा-हिरवा चमकायला लागला. आईंनी हात जोडले. निळा उजेड शोषून दुसऱ्याच रंगात परत देणारी प्रथिनं प्रवाळांच्या अंगात असतात. मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये अशाच मशरूम प्रवाळातलं तांबडं चमकणारं प्रथिन जगापुढे आणलं आणि त्यासाठी प्रवाळ मिळालं ते समुद्रातून नव्हे, शहरातल्या मत्स्यटाकीतून. आज जगभरच्या प्रयोगशाळा पेशींवर खूण करायला ते वापरतात. आणि ज्या निळ्या एलईडीमुळे साहेबांच्या हॉलमधला हा चमत्कार परवडला, त्याच्या जनकांना, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना, 2014 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आईंनी नमस्कार केला तो नेमका कोणाला, हे विचारायचं राहून गेलं.

माझं मत विचाराल तर, "प्रवाळासाठी निळा घेतला" म्हणणारा माणूस अर्धंच खरं सांगत असतो. उरलेला अर्धा पाहुण्यांसाठी असतो. खोक्यावरचे 14,000 केल्विन, 20,000 केल्विन हे आकडे मुख्यतः आपल्याला टाकी कशी दिसेल ते सांगतात. मोबाईलवरून चालणाऱ्या दिव्यांत तर ढग येतात, विजा चमकतात, पौर्णिमा-अमावास्या होते. साहेबांना त्या विजांचा फार मोह पडला होता. मी फक्त एवढंच म्हणालो, की आपल्याकडे वळवाची खरी वीज कडाडली की पहिल्यांदा फीडर जातो, आणि मग टाकीतल्या विजा कोण पाहणार?

शेवटी निळा-पांढरा मिश्र दिवा आला, मंद करता येणारा. मग प्रश्न आला वेळेचा. साहेब पहाटे कंपनीच्या बसने जातात आणि संध्याकाळी येतात. टाकीतला सूर्य सकाळी सहाला उगवला तर साहेब घरी येईपर्यंत मावळायचा. म्हणून टायमरवर सूर्योदय दुपारी एकला ठरला आणि सूर्यास्त रात्री दहाला. प्रवाळाला सेकंड शिफ्ट लागली. त्याची त्याला हरकत नाही. आठ ते दहा तास उजेड, ठरलेल्या वेळी आणि रोज, एवढीच त्याची मागणी. हरकत असते ती ओव्हरटाइमला. जास्त तास किंवा जास्त तीव्र उजेड दिला तर शैवालाच्या कामात घातक ऑक्सिजन-संयुगं साचतात आणि प्रवाळ त्याला अंगाबाहेर काढतं. रंग जातो, खाली पांढरं दिसायला लागतं. समुद्र तापला की हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. 1998 साली लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली होती. त्यामुळे नव्या दिव्याखाली आलेल्या प्रवाळालाही प्रोबेशन असतं. तीसेक टक्क्यांवर सुरुवात आणि मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वर. साहेबांना हे फार पटलं. कारखान्यात त्यांना न पाळता येणारी ही एक शिस्त होती.

या पट्ट्यात अर्थातच दिवा विकत घेण्यापेक्षा बनवणारेही आहेत. भोसरीत ॲल्युमिनियमचं सेक्शन कापून मिळतं, हीटसिंकला भोकं पाडून टॅप मारून मिळतात, ड्रायव्हर मिळतो, आणि सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग करायला हात शिवशिवणारे डिप्लोमावाले तर दर मजल्यावर सापडतात. बनवलेला दिवा चांगला चालतो, अट एकच. खाऱ्या पाण्यावर टांगलेल्या उघड्या वायरिंगला गंज धरतो आणि शॉकही बसतो. लेन्सवर काच, जोडांवर सिलिकॉन आणि लाइनला आरसीसीबी एवढं केल्याशिवाय तो चालू करू नये. पूर्वी मेटल हॅलाइडचे अडीचशे वॅटचे दिवे लावत. त्यांचा उजेड देखणा, पण पाणी तापायचं आणि मग चिलर घ्यावा लागायचा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, बाहेर चाळीसला पोचलेलं असताना टाकी सव्वीसवर ठेवायची तर मेटल हॅलाइड म्हणजे स्वतःच लावलेली आग. दीडशे वॅटचा एलईडी नऊ तास चालला तर महिन्याला चाळीसेक युनिट. वहिनींनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.

गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतं, तेव्हा नवखे लोक दिव्यासाठी इन्व्हर्टर शोधत धावतात. त्याची गरज नसते. एखादा दिवस अंधारात गेला तर प्रवाळाला काही होत नाही. समुद्रातही आभाळ भरून येतंच. इन्व्हर्टरवर ठेवायचा तो वेव्हमेकर किंवा हवेचा पंप. पाणी हललं नाही तर ऑक्सिजन संपतो, आणि तो संपायला गुरुवार उलटावा लागत नाही.

राहता राहिला कायदा. 2001 पासून भारतात दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मालवणहून, कच्छच्या आखातातून किंवा अंदमानातून उचललेला तुकडा घरात सापडला तर शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. परदेशातून आणायचं तर वन्यजीवांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, म्हणजे साइट्सचे (CITES) कागद लागतात. साहेबांनी कागद वाचले आणि मशरूम नि लेदर या मऊ जातींवर थांबले. त्यांना उजेड कमी लागतो, म्हणून दिवा लहान चालला, बिलही वहिनींच्या आकड्याच्या आत राहिलं. या घरात कायदा आणि महावितरण पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहिले.

तुम्हीही घेणार असाल तर आधी प्रवाळ ठरवा, मग दिवा. मंद करता येतो का ते पाहा, पारचा तक्ता मागा, टाकीची खोली सांगून विचारा, आणि वॅट नि विजांच्या गोष्टी ऐकू नका. दुकानदाराने आवाज खाली आणून "दगडी पण मिळेल, फक्त कुणाला सांगू नका" म्हटलं, तर त्याच्याकडून प्रवाळ तर नाहीच, दिवासुद्धा घेऊ नका.