कॅमेरा छताला, साक्ष वाऱ्यावर

सरकारी इमारतीत नवी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) रूम झाली की मोठा टीव्ही येतो, नव्या खुर्च्या येतात, मोटारीवर फिरणारा महागडा कॅमेरा येतो. तो लावायचा कुठे, हे मात्र शेवटच्या दिवशी ड्रिल घेऊन आलेल्या पोरावर सोडलं जातं. त्याला कुणी नकाशा दिलेला नसतो. वायर पोचते तिथे, म्हणजे बहुतेक वेळा छताजवळ, तो ब्रॅकेट ठोकून मोकळा होतो.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. कॅमेरा २.४ मीटरवर आणि माणूस त्याच्यापासून दोन मीटर लांब असेल, तर भिंग त्याच्याकडे सुमारे ३१ अंश वरून बघतं. पलीकडे दिसतं ते टाळू आणि कपाळ. स्टॅनफर्डच्या मिल्टन चेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं, की समोरच्याची नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली, पाचेक अंशांपर्यंत, असली तरी तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. ती बाजूला वळली की लगेच खटकतं. तेव्हा जागा ठरलेली आहे: टीव्ही खाली उतरवा आणि कॅमेरा त्याच्या वरच्या कडेला, मधोमध बसवा.

आढावा बैठकीत छताजवळचा कॅमेरा खपून जाईल. कोर्टात खपवून घेता कामा नये. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सवरून साक्ष नोंदवायला मान्यता दिली. साक्षीदार पडद्यावर समोर बसल्यासारखाच स्पष्ट दिसतो, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा होता. साक्षीदाराच्या हावभावांत काही महत्त्वाचं वाटलं तर त्याची नोंद न्यायाधीशांनी करावी, असं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २८० सांगत होतं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर या माध्यमाला दारं सताड उघडली आहेत. आणि तुरुंगातून हजर होणाऱ्या कच्च्या कैद्याची न्यायाधीशांना दिसते ती टाळू! त्याच्या ओठाला लागलंय की तो घाबरलाय, हे कळणार कसं?

दुसरं दुखणं हलण्याचं. फॉल्स सीलिंगचं जिप्सम बोर्ड जेमतेम साडेबारा मिलिमीटर जाड. त्यात पिळलेला स्क्रू महिन्याभरात सैल पडतो. एसी सुरू झाला तरी कॅमेरा थरथरतो. बारा पट झूम केलं की ती थरथरही पडद्यावर बारा पट होते. छतालाच लावायचा हट्ट असेल तर वरच्या स्लॅबमध्ये अँकर मारून तिथून आटेवाली सळई खाली आणा. विटांची भिंत असेल तर गिट्टी ठोकून चार स्क्रू मारा. टीव्हीच्या स्टँडलाच कॅमेऱ्याची फळी जोडलेली मिळते, ती सगळ्यांत सोयीची. कॅमेऱ्याच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी निविदेत ब्रॅकेटची उंची क्वचितच लिहिलेली असते. ती मिलिमीटरमध्ये लिहा, कंत्राटदाराला त्याच आकड्यावर धरा.

बिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी साक्षीदाराच्या खुर्चीत बसावं. दुसऱ्या टोकाच्या माणसाला विचारावं, माझे डोळे दिसतात का? मग पूर्ण झूम करून खोलीचं दार एकदा जोरात आपटावं. चित्र हललं तर बिल परत पाठवावं.