टॅबवर प्रोग्राम चालवण्यासाठी टीपी मिळणेबाबत

प्रति,
मा. द्वाररक्षक महोदय,
अ‍ॅपची दोन्ही मोठी दुकाने,
मु. कूपर्टिनो व माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया.

विषय : स्वतःच्या टॅबवर स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही गडचिरोली-चंद्रपूरची माणसे परवाने मागण्यात मुरलेली आहोत, त्यामुळे अर्जाच्या नमुन्यात खोट निघणार नाही. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात धरले होते. त्यामुळे आमच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे भाडेपट्ट्याने जाई आणि गावकऱ्याला मिळे तो निस्तारापुरता, म्हणजे कुडाला, कुंपणाला, टोपलीला. विकायचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला, २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी टीपीचे पुस्तक वन खात्याच्याच कपाटात. जंगल गावाचे, बांबू गावाचा, पण नाक्यापलीकडे नेता येईना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. आपण विकलेल्या टॅबची गत मधल्या दोन वर्षांतल्या त्या बांबूसारखी आहे. पावती आमच्या नावाची, पुस्तक आपल्या कपाटात.

निस्ताराची सोय आपणही ठेवली आहे, हे मान्य केले पाहिजे. अ‍ॅपलच्या नियमावलीतले कलम २.५.२ म्हणते की अ‍ॅपने बाहेरून कोड उतरवून घेऊन आपले काम बदलू नये. प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या अ‍ॅपना मर्यादित परिस्थितीत तशी मुभा आहे, मात्र तो कोड इतर कामासाठी वापरायचा नाही. आता तेंदूच्या हंगामातली फळी, म्हणजे पाने मोजून घेण्याची जागा, डोळ्यांसमोर आणा. सत्तर पानांचा पुडा, पुड्यांची मोजणी, शेकड्याचा दर. कुटुंबाचे नाव, रोजचे पुडे आणि दर घेऊन आठवड्याची मजुरी काढणारा प्रोग्राम दहावी झालेली मुलगी पायथनच्या दहा-बारा ओळींत लिहू शकते. तो एटापल्लीत लिहिला गेला, धानोऱ्यात कुणी उतरवून घेतला आणि खऱ्या फळीवर खऱ्या माणसांची मजुरी त्यावर काढली, तर तो सराव राहिला की ‘इतर काम’ झाले? सतराचा पाढा छापला तर शिक्षण आणि मजुरीतली चूक पकडली तर नियमभंग, अशी ही शिक्षणाची व्याख्या दिसते.

आपले वकील म्हणतील, हे सगळे सुरक्षेसाठी. मुद्दा पोकळ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते आणि ती उघडणाऱ्याचे बँक खाते रिकामे होते, हे आमच्याकडे घडते आहे. पण अनोळखी माणसाचे अ‍ॅप आंधळेपणाने बसवणे वेगळे आणि आपणच आखून दिलेल्या कुंपणाच्या आत स्वतः लिहिलेला कोड चालवणे वेगळे. प्रत्येक अ‍ॅपला दुसऱ्याच्या माहितीपासून तोडणारी भिंत टॅबच्या यंत्रणेतच आहे. पहारा ती भिंत देते, दुकानाची नियमावली नव्हे. शिवाय अ‍ॅपलच्या साहेबांनो, आपला इतिहासच आपल्याविरुद्ध साक्ष देतो. २००९ मध्ये कमोडोर ६४ ची नक्कल करणारे अ‍ॅप आपण काढून टाकले, कारण त्यात बेसिक भाषा चालू करता येत होती. २०१० मध्ये मुलांसाठीच्या स्क्रॅच भाषेतले प्रकल्प दाखवणारे अ‍ॅप गेले. २०२० मध्ये आयपॅडवर लिनक्सचे टर्मिनल देणाऱ्या आयएसएचला हकालपट्टीची नोटीस आली आणि ओरड होताच मागे घेतली गेली. २०२४ च्या जूनमध्ये संगणकाची नक्कल करणारे यूटीएम एसई नाकारले, जुलैमध्ये तेच घेतले. नोटीस आली तेव्हा आयएसएच धोकादायक असेल, तर मागे घेतली तेव्हा धोका कुठे गेला? आणि यूटीएमला जेआयटी, म्हणजे कोड चालता चालता यंत्रभाषेत उतरवण्याची युक्ती, अजून वर्ज्य आहे. आपल्याच सफारी ब्राउझरला ती आहे. आमचा प्रोग्राम रांगत चालावा, यात कोणती सुरक्षा आहे ते कळत नाही.

माउंटन व्ह्यूच्या, म्हणजे गूगलच्या, साहेबांनी इतक्यात हसू नये. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपला स्वतःच्या लिहिण्याच्या जागेतली फाइल प्रोग्राम म्हणून चालवण्याची बंदी आली, आणि २०२० मध्ये टर्मक्ससारख्या टर्मिनल देणाऱ्या साधनाला आपल्या दुकानात अद्ययावत राहणे अशक्य झाले. लोक एफ-ड्रॉइड या दुसऱ्या दुकानाकडे वळले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये आपण जाहीर केले की दुकानाबाहेरून येणाऱ्या अ‍ॅपच्या कर्त्यानेही आधी आपल्याकडे ओळख पटवावी. गलका झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासन आले, विद्यार्थ्यांसाठी मोजक्या उपकरणांपुरत्या खात्याचेही. पुन्हा निस्तारच.

लॅपटॉप घ्या, हा सल्ला देणाऱ्याने किमतीची चिठ्ठी सोबत जोडावी. महाज्योती या सरकारी संस्थेच्या योजनेतून जेईई-नीटच्या तयारीसाठी मुलांच्या हाती येतो तो टॅब; बऱ्याच घरांत तोच पहिला आणि एकमेव संगणक. ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवर कोड चालवा, हा दुसरा सल्ला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटत आला आहे, रेंजची गोष्ट तर सोडाच. आणि टॅबची ताकद कमी पडते म्हणाल, तर ५१२ एमबी मेमरीच्या, सरकारला २,२६३ रुपयांना पडलेल्या आकाश-२ टॅबवर आयआयटी मुंबईच्या लोकांनी सी, सी++, पायथन आणि सायलॅब चालवून दाखवले होते. ते २०१२ साल होते. आजचा साधा टॅबही त्याच्या कितीतरी पट दणकट आहे.

तेव्हा मागणी एवढीच. टॅबमध्ये एक कळ असावी, धोक्याची सूचना मराठीत असावी, ती वाचून मालकाने ती कळ दाबली की त्या कुंपणात काय चालवायचे हे मालक ठरवील. लहान मुलाच्या टॅबवर ती कळ पालकाच्या हाती राहू द्या, शाळेच्या टॅबवर शाळेच्या. मेंढ्यात ग्रामसभेकडे पुस्तक गेल्यावर बांबू कधी, किती तोडायचा हे ग्रामसभा बसून ठरवू लागली. परवाना गावाकडे गेला म्हणून नियम संपले नाहीत. अर्ज फेटाळायचा झाल्यास ‘नियमावलीशी सुसंगत नाही’ एवढ्या एका ओळीवर भागवू नये. कलम, कारण आणि अपील कुणाकडे करायचे ते कळवावे, आणि जमल्यास मे महिन्याच्या आत, कारण तेव्हा फळीवर हिशोब सुरू झालेला असतो.

आपला विश्वासू,
एक टॅबधारक, गडचिरोली