जेवणाची सोय : आपण स्वतः करावी

प्रवासाचे पुस्तक निवडताना आपण आधी त्यातली छायाचित्रे पाहतो आणि तिथेच फसतो. छायाचित्रात ऊन लागत नाही आणि स्वच्छतागृहापुढची रांग दिसत नाही. मजकुराकडे वळावे तर प्रत्येक गाव निसर्गरम्य, प्रत्येक देऊळ पुरातन आणि प्रत्येक पॉइंटवरचा सूर्यास्त पाहण्यासारखा. वास्तविक सूर्य बोरिवलीतही मावळतो, पण तो पाहायला कुणी जीप ठरवत नाही. अशा पुस्तकाची शिफारस करणारे म्हणतात, ‘यात सगळं दिलंय.’ माझे म्हणणे असे की, काय दिले आहे ते मोजूच नये. काय बंद असते, काय मिळत नाही आणि कुठे जाण्यात अर्थ नाही, हे पुस्तक किती स्पष्ट सांगते ते पाहावे.

अजिंठा-वेरूळचेच घ्या. दोन्ही लेणी 1983 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची करुणा आणि वेरूळला वरून खाली खोदत आणलेले कैलास लेणे यांची वर्णने कुठल्याही पुस्तकात मिळतात. पण अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, ही ओळ ज्यात ठळक नाही ते पुस्तक कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असो, दुकानातच राहू द्यावे. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत आखणाऱ्याला दोन दिवसांत दोन जागतिक वारशांची फाटके तेवढी पाहायला मिळतात. तोच बेत उलटा केला की दोन्हीकडे प्रवेश. पेट्रोल तेवढेच जळते, घरून नेलेला चिवडाही तेवढाच संपतो. शिवाय अजिंठ्याला आपली गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. हे आधी वाचलेले असले म्हणजे आजींची काठी गाडीत विसरत नाही.

अशा पुस्तकांसाठी फार लांब जायला नको. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, त्या जागा गावाच्या कोणत्या अंगाला आहेत आणि देवळाचे तोंड कुठल्या दिशेला आहे, हे ती नोंदवते. सृष्टिसौंदर्याच्या भानगडीत ती पडत नाही. गडकिल्ल्यांवरच्या मराठी पुस्तकांनी हा बाणा चांगला राखला आहे. राहण्याची सोय : नाही. पाण्याची सोय : नाही. जेवणाची सोय : आपण स्वतः करावी. इतके प्रामाणिक गद्य मराठीत दुसरीकडे मिळणे कठीण. लांबचेच उदाहरण हवे असेल तर मिशलिनचे पाहा. या फ्रेंच टायर कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांना फुकट पुस्तक वाटले. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, हा हिशोब त्यामागे होता. पण टायर कसा बदलावा आणि दुरुस्ती कुठे होईल, हेही त्यात छापलेले होते. टायर फुटणार हे टायर विकणाराच धरून चालला होता! खाणावळींना तारे वाटण्याचा थाट नंतरचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : हे सगळे फोनवर मिळते, पुस्तक कशाला? मिळते, पण विचारले तर. ज्याला सोमवारची शंकाच आली नाही तो सोमवारबद्दल विचारणार कसा? न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात समोर येते, आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर रेंज गेली तरी ते उघडता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुस्तक जुने होते, बसच्या वेळा बदलतात, भाडी वाढतात, बंद काय नि चालू काय हेही बदलते. हे मान्यच. म्हणून वेळा आणि भाड्यांसाठी ताजी आवृत्ती घ्यावी आणि तरीही निघण्यापूर्वी एक फोन करावा. दगडांसाठी मात्र जुने पुस्तक चालते. पुरातत्त्व खात्यासाठी देबला मित्रा यांनी लिहिलेली अजिंठ्याची पुस्तिका काही दशकांपूर्वीची आहे, म्हणून पद्मपाणी दुसऱ्या भिंतीवर गेलेला नाही. तिसरा आक्षेप असा की, इतके नकार वाचून जाण्याची हौसच मरेल. ही भीती मराठी माणसाला ओळखत नसलेल्यांची. गडावर पाणी नाही असे वाचून आपला माणूस बेत रद्द करीत नाही, तो दोन बाटल्या जास्त घेतो आणि वर गेल्यावर इतरांना सांगतो, ‘मी म्हटलं नव्हतं?’

राहिला प्रश्न दुकानात उभ्या उभ्या परीक्षा कशी घ्यायची याचा. जिथे जायचे आहे ते पान उघडू नका, तिथले खरेखोटे तुम्हाला कळणार नाही. आपल्या स्वतःच्या गावाचे पान काढा. तिथली धर्मशाळा बंद पडली आहे, बाजाराच्या दिवशी एसटी मिळत नाही, नदीला उन्हाळ्यात पाणी नसते, हे त्यात आहे का पाहा. गाव ‘निसर्गरम्य’ म्हणून संपवले असेल, तर पुस्तक खाली ठेवा आणि पुढचे उचला. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. घालू द्या, प्रवास तुम्हाला करायचा आहे.