रापी सोडून सगळं पाठवणाऱ्या शेटजींना

माननीय शेटजी,



‘हौशी मंडळींसाठी संपूर्ण लेदरक्राफ्ट किट, ४५ नग’ असं छापलेलं आपलं खोकं घरी पोचलं. नग मोजले, ४५ भरले. मोजमापात आपण चोख आहात, हे चारचौघांत सांगायला माझी हरकत नाही. फक्त हे ४५ भरले कसे, तेही चारचौघांना कळू द्या. सुया सात, म्हणजे सात नग. दोऱ्याची रिळं सहा रंगांची, म्हणजे आणखी सहा. अंगुस्तानं दोन. नक्षीचे ठसे वीस. रुखवतात चमचे सुटे मांडून टेबल भरतात, ती विद्या आपण धंद्यात आणलीत.

आधी सुयांचं बघू. चामड्याची हातशिलाई दोन सुया आणि एका दोऱ्यावर चालते. भोकं आधी पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून जाते. त्यामुळं एखादा टाका झिजून तुटला तरी बाकीची शिवण उसवत जात नाही. या कामाला सुई टोकाला बोथट लागते, कारण टोकदार सुई भोकातल्या आधीच्या दोऱ्यातच घुसते. आपण पाठवलेल्या सातांपैकी चार सुया अशा अणकुचीदार की इंजेक्शनला चालाव्यात. उरलेल्या तीन अर्धगोल वाकवलेल्या, सोफ्याचं आणि गादीचं कापड शिवायच्या. आमचा सोफा उसवलाय हे आपल्याला कुणी कळवलं? थोडक्यात, सुया बोथट हव्या होत्या त्या धारदार आल्या आणि सोबतचा चाकू धारदार हवा होता तो बोथट आला. पॅकिंगच्या वेळी अदलाबदल झाली असणार, असं समजून मी आपल्याला संशयाचा फायदा देतो.

पण आपली खरी प्रतिभा दिसते ती ठशांत. गुलाब, पान, घोड्याची नाल, चांदणी असे वीस सुबक ठसे. आणि ते उठवायला सोबत ‘अस्सल चामडे’ असा शिक्का मारलेले चार मऊ, चकचकीत तुकडे. चामडं ओलं करावं, ठसा ठेवावा, वरून हाणावं, एवढीच कृती. मी ती केली. पाणी आत मुरलंच नाही, वरून ओघळून गेलं. तरी हाणलं. गुलाब उमटला. चहा टाकून परत आलो तोवर गुलाबाची कळी झाली होती, आणि चहा पिऊन होईपर्यंत तीही मिटली.

तुकड्याची कड कापून पाहिली तर आत निळसर करडा रंग. म्हणजे क्रोमनं कमावलेलं चामडं. क्रोमला मी नावं ठेवत नाही. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झनं या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमनंच कमावतात. बॅगा, जॅकेटं, बुटांचे वरचे भाग त्याचेच. काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं आणि माल मऊ राहतो. पण क्रोमचे क्षार तंतूंना असे जखडतात की ते दाबले तरी पुन्हा मूळच्या जागी येतात. त्यावर नक्षी टिकत नाही. ठशाला झाडाच्या सालींत कमावलेलं चामडं लागतं, पाणी पिणारं आणि दाबलं तर दबून राहणारं. म्हणजे एकाच खोक्यात आपण वीस ठसे दिलेत आणि त्यांतला एकही ज्यावर उठणार नाही असं चामडं दिलंत. हा योगायोग नसावा. असं चामडं निवडून काढायलाही जाणकार लागतो.

सालींत कमावलेलं चामडं कुठल्या परदेशातून आणावं लागतं असंही नाही. चुन्यात भिजवून केस काढायचे, कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून ती टांगायची, ते पाणी झिरपत झिरपत कातड्यात मुरू द्यायचं. आपल्याकडच्या, कातडी कमावणाऱ्या ढोर समाजानं पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं, आणि कोल्हापुरी चप्पल उभी राहिली ती याच चामड्यावर. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. वास घेतला तरी हे चामडं ओळखू येतं. आपल्या तुकड्यांना रंगाच्या डब्याचा वास होता.

आता चाकूकडे वळतो. आमच्या बसस्टॉपमागे छत्री लावून एक काका चपला शिवायला बसतात. आपलं खोकं मी त्यांच्यापुढं उघडलं. त्यांनी एकेक नग उचलून पाहिला, चाकूची धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, आणि तो मला परत देत म्हणाले, “दादा, यानं केळं कापा.” मग स्वतःची रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, काढली. रुंद पात्याची, मुठीशी हाताच्या घामानं काळी पडलेली. दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकून चार-सहा वेळा फिरवली, चामड्याच्या पट्टीवर पुसली, आणि माझ्या तुकड्याच्या कडेवर आडवी धरून पुढं ढकलली. कागदाइतकी पातळ साल निघाली, मध्ये कुठं अडकणं नाही, फाटणं नाही. दुमडून शिवायची कड अशी आधी पातळ करावी लागते, नाहीतर पाकिटाची घडी बसत नाही, ते फुगून राहतं. आपल्या चाकूनं तीच कड कुरतडल्यासारखी होते.

त्यांच्या आरीच्या टोकाशी एक बारीक खाच होती. आरी आरपार घालायची, खालून दोरा त्या खाचेत अडकवायचा, वर ओढून घ्यायचा. भोक पाडणं आणि दोरा ओढणं एकाच अवजारात. रापी, आरी, ऐरण, दोरा, मेणाचा गोळा, एवढ्यावर त्यांचा प्रपंच चाललाय. नग मोजायला गेलो तर एका हाताची बोटं पुरली. त्यातही रापीला दिवसातून अनेकदा धार लावतात. आपल्या माहितीपत्रकात धार या विषयावर एक ओळ नाही. कीचेनचे फोटो मात्र बरेच आहेत.

हौशी शिकाऊ माणसाला थोडक्यात भागत नाही, असं आपलं म्हणणं असेल तर एका जुन्या हौशी शिकाऊची गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९१० साली गांधीजींचा टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. त्यांचे मित्र कॅलनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला करायला शिकून आले आणि त्यांच्याकडून ते काम गांधीजी शिकले. वकील माणूस, ऐन चाळिशीत. त्यांनी केलेला एक जोड पुढं तिथल्या सरकारातले जनरल स्मट्स यांना भेट गेला, स्मट्स तो अनेक उन्हाळे वापरत राहिले, आणि १९३९ साली त्यांनी तो गांधीजींना परत पाठवला. तेव्हा आपलं किट बाजारात नव्हतं हे किती बरं झालं. नाहीतर स्मट्ससाहेबांच्या हाती घोड्याची नाल उमटलेली कीचेन पडली असती, तीही अर्धवट उमटलेली.

खोक्यावरच्या चित्राबद्दल मात्र विचारायचं राहिलं. ॲप्रन घातलेला, दाढीवाला एक गोरा गृहस्थ तिथं कातडं कापतोय. कोण हे? २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. नंतर कंपनीला मूळ कबूल करावं लागलं, आणि ते योग्यच झालं. पण प्राडाला जाब विचारणारे आम्ही आपल्या खोक्यावर हा दाढीवाला मुकाट्यानं घरी घेतो. ज्या जातींनी हे काम केलं त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, आणि तेच काम दिवाणखान्यात आलं की त्याला छंद म्हणून हजारो रुपये निघतात. बसस्टॉपवरच्या काकांशी आम्ही दहा रुपयांवरून घासाघीस करतो. हा दोष एकट्या आपला नव्हे. आपण फक्त त्यावर दुकान थाटलंत.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या खोक्यात ४५ ऐवजी सहा नग घाला. धार धरणारी एक रापी, धार लावायचा दगड, एक आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, आणि सालींत कमावलेला वीतभर तुकडा. सुया सुट्या मोजल्यात तर सात होतील, तेवढी सवलत मी आपल्याला देतो. किंमत हवी तर तीच ठेवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. वाचकहो, चामडं घेताना दुकानदाराला विचारून मागच्या बाजूवर किंवा कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि कापलेली कड बघा. थेंब मुरून तिथं काळपट डाग पडला आणि कड आतपर्यंत तपकिरी दिसली, तर नक्षीसाठी घ्या. थेंब वरच राहिला आणि कड निळसर दिसली, तर पिशवी शिवा. आणि रापी कुठं मिळते हे तुमच्या नाक्यावर चपला शिवणाऱ्या काकांना विचारा. विचारायला गेलात की एखादी चप्पलही शिवून घ्या आणि सांगतील ते पैसे द्या.