आदरार्थी बहुवचन

शाखेतल्या सगळ्यांना मी बटाटेवडे खाऊ घालतोय, ही बातमी शाखेत सगळ्यांत शेवटी मला कळली. तोवर कागदात तेल उतरलं होतं, कॅशिअरबाईंनी पहिला घास घेतला होता आणि गाडीवाल्याचा पोरगा 'बावीस वडे, अकरा चहा' म्हणत माझ्याच टेबलाशी उभा होता. मी फक्त पाच मिनिटं लॉकरवाल्या खातेदाराबरोबर आत गेलो होतो. तेवढ्यात माझ्याच लॉगिनमधून शाखेतल्या सगळ्या मशीनवर निरोप गेला होता: 'आज मला बढती मिळाल्याच्या आनंदात...'

बढती मिळाली नव्हतीच. पैसे मात्र मीच दिले.

ही 2012 च्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी ज्येष्ठ लिपिक होतो. पासबुकाच्या खिडकीशेजारी एक सामाईक मशीन होतं. ज्याला मोकळं मिळेल त्याने बसावं, लॉगिन करावं, काम उरकून उठावं. उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबलं की मशीनला कुलूप लागतं, हे प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. पण दाबलं मात्र कधी नाही. घरून निघताना कुलूप ओढून पाहणारा, जिना उतरून पुन्हा वर जाऊन ते हलवणारा मी माणूस. एसटीत बॅगेला साखळी घालतो. पण खुर्चीवरून उठताना कुलूप लावायचं असतं, हे काही हाडात मुरलं नाही.

वडे पचल्यावर (तीनशेच्या घरात गेले) मी कायदा काढला. आयटी कायद्याचं कलम 66सी: दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे मी जेवणाच्या सुटीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कॅशिअरबाई डबा पुसत म्हणाल्या, "पण पासवर्ड वापरला कुणी? मशीन उघडंच होतं की."

त्यावर कायद्याकडे उत्तर असेलही. माझ्याकडे नव्हतं.

मग मी हेड ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं. सामाईक मशीन कुणी हात लावला नाही तर आपोआप कुलूपबंद व्हावं, अशी मागणी केली. विंडोज एक्सपीत ही सोय स्क्रीनसेव्हरच्या पोटात होती. जुन्या काचेच्या पडद्यांवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून पडदा हलता ठेवणारा तो एक पहारेकरी. 'परत आल्यावर पासवर्ड विचार' एवढी एक खूण केली की तोच कुलूपही लावतो. पत्राला वजन यावं म्हणून मी इतिहासही घातला. 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस नावाची व्यवस्था उभारली. मशीन एक आणि वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात, म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. सामाईक मशीन, पासवर्ड आणि वात्रटपणा ही पाठोपाठची भावंडं आहेत, असं मी लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी 'वात्रटपणा' खोडून 'गैरवापर' केलं.

किती मिनिटांनी कुलूप लागावं, असं हेड ऑफिसने विचारलं. कार्डांच्या व्यवहारांसाठी जगभर पाळलं जाणारं पीसीआय डीएसएस मानकसुद्धा पंधरा मिनिटांची मुभा देतं. मी दोन मागितली. अपमान ताजा होता.

मिळाली दोनच. वर सर्क्युलरचा मसुदा करायचं कामही मलाच मिळालं. 'पासवर्ड कोणासही, अगदी शाखाधिकाऱ्यांसही, सांगू नये' हे वाक्य माझं. त्याखाली ठळक रेघ आहे, तीही माझीच.

दोन मिनिटं हा वेळ किती थोडा आहे, हे आठवडाभरात कळलं. खातेदार आजी पिशवीतून पिशवी, तिच्यातून रुमाल आणि रुमालातून पासबुक काढेपर्यंत मशीनला कुलूप. धनादेशावरची सही आणि कार्डावरची सही ताडून वर बघावं, तर कुलूप. दिवसाकाठी चाळीस-चाळीस वेळा पासवर्ड टंकताना शाखेतला प्रत्येक जण माझ्याकडे बघायचा. त्या काळात मला कुणी वडाही विचारला नाही.

त्यात दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, मागचे पाच चालणार नाहीत, अक्षरं हवीत, आकडे हवेत, एखादं चिन्ह हवं. (ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने 2017 मध्ये जाहीर केलं. तोवर माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.) सप्टेंबरात माझी मुदत भरली तेव्हा धोंड्याचा महिना संपत आला होता. अधिक महिन्यात जावयाला अनारसे आणि आहेर देतात. माझे सासरे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी अनारसे मोजून तेहतीस दिले आणि पाकिटात एकावन्न रुपये. एकावन्न! पन्नासची नोट आत आणि रुपया पाकिटावर चिकटवलेला, तो पाकिटाबरोबरच विकत आलेला. त्या जेवणात मी त्यांना पासवर्डाची मुदत, दोन मिनिटांचं कुलूप वगैरे सगळं समजावून सांगितलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही तारखेचा शिक्का रोज बदलायचो." दुसऱ्या दिवशी शाखेत मशीनने नवा पासवर्ड विचारला तेव्हा मनात जे होतं ते बोटांवर आलं. जे आलं ते पंधरा अक्षरांचं, आकडे आणि चिन्ह यांसह, सगळ्या नियमांत बसणारं होतं. कुणाला स्वप्नातही सुचणार नाही असा पासवर्ड ठेवावा म्हणतात. मी ठेवला.

दोन मिनिटांवरचा तोडगाही मलाच सापडला, हे सांगायला लाज वाटते. खालून लाल प्रकाश टाकणारा माउस काट्याच्या घड्याळावर ठेवायचा. सेकंदकाटा खालून गेला की माउसला वाटतं आपल्याला कुणी हलवलं. बाण पडद्यावर किंचित थरथरतो, मशीनला वाटतं माणूस बसलाय आणि कुलूप लागत नाही. ज्याने पत्र लिहिलं, सर्क्युलर लिहिलं, त्यानेच हे करावं हे बरं नव्हे. पण मी करत होतो, आणि तेही लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या घड्याळावर. एचएमटीचं, किल्लीचं, त्यांनी स्वतः बरीच वर्षं वापरलेलं. रोज सकाळी किल्ली द्यावी लागायची. मनगटापेक्षा त्याचा मुक्काम आता माउसखालीच जास्त असे.

डिसेंबरातला पहिला शनिवार. धाकट्या मेहुणीचं लग्न मिरजेला, मुहूर्त बारा पस्तीसचा. बँकांना दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुटी 2015 च्या सप्टेंबरात मिळाली. तेव्हा सगळे शनिवार अर्धा दिवस चालू. त्यात लाभांशाची बॅच एक वाजेपर्यंत हेड ऑफिसला पोचायलाच हवी होती. सकाळी लवकर जाऊन मी दोनशे चौदापैकी एकशे चाळीस नोंदी मारल्या. साडेदहाला उठलो. नव्या पोराला म्हटलं, "खिडकीवरची गर्दी ओसरली की उरलेल्या तू मार, माझ्याच लॉगिनला. मशीन बंद होणार नाही, घड्याळ ठेवलंय." आणि नवा कोट घालून मिरजेची बस पकडली.

लग्नाच्या सकाळी घरात जी धांदल असते तिच्यात घड्याळाला किल्ली द्यायची राहून गेली होती.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मी वाढप्यांवर देखरेख करण्याचा आव आणत जिलेबीच्या परातीजवळ उभा होतो. सासरे समोर आले. माझ्या मनगटाकडे पाहून म्हणाले, "घड्याळ दिसत नाही?"

"बँकेत आहे," मी म्हणालो. हे खरं होतं. लॉकरमध्ये ठेवलं असेल असं त्यांना वाटलं असावं, कारण चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं. तेवढ्यात फोन वाजला.

नवा पोरगा रडायच्या बेतात होता. घड्याळ अकराच्या सुमारास थांबलं होतं आणि पुढच्या दोन मिनिटांत मशीनने आपलं कर्तव्य केलं होतं. पडद्यावर आलं होतं की हे मशीन कुलूपबंद आहे. मी किंवा ॲडमिनिस्ट्रेटरच ते उघडू शकतो. ॲडमिनिस्ट्रेटर हेड ऑफिसला, आणि त्याने उघडलं तर माझं लॉगिन बंद होऊन पोस्ट न केलेल्या एकशे चाळीस नोंदी जाणार. मशीन बंद करून चालू केलं तरी तेच. वाजले होते बारा पंचावन्न. मॅनेजरसाहेब फोनवर आले. "पासवर्ड सांगा," म्हणाले.

"साहेब, सर्क्युलरमध्ये..."

"सर्क्युलर मला तोंडपाठ आहे. सांगा."

बँडवाल्यांनी 'येऊ कशी' की कायसं सुरू केलं होतं, काही ऐकू येईना. म्हणून मी फोनचा स्पीकर चालू केला. आणि अख्खा शब्द उच्चारायला नको म्हणून हुशारी केली: एकेक अक्षर, गावाच्या नावाने. "एस फॉर सांगली, तो मोठा. ए फॉर आष्टा. एस फॉर सातारा. ए फॉर आटपाडी. आर फॉर रहिमतपूर." इथवर बरं चाललं. पुढचं अक्षर ई. ई वरून आमच्या भागातलं गाव काही केल्या आठवेना. मग थेट जळगाव जिल्ह्यात गेलो. "ई फॉर एरंडोल!" पुढे कराड, आष्टा, नांद्रे, जत, उंब्रज, सातारा, मग ते चिन्ह, मग पाच, एक. सासरे शेजारीच उभे होते. एसटीचा कुठला मार्ग इतका वेडावाकडा जातो, याचा विचार करत असावेत.

तिकडे शिपाईमामा पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर लिहून घेत होते आणि पोरगा टंकत होता. चुकलं. पुन्हा. पुन्हा चुकलं. तिसरा चुकला की माझं लॉगिनच बंद होणार होतं, तेही सोमवारपर्यंत.

"एरंडोलचा ए म्हणजे पहिला ए ना?" पोरगा विचारत होता.

"ए नव्हे, ई! एरंडोल!"

"मग एरंडोलला ए कसा नाही?"

मराठी माणसाने इंग्रजी अक्षरं फोनवर सांगू नयेत. एवढ्यात स्लिप हातात घेऊन मामांनी सगळा मजकूर सलग वाचला असावा. त्यांचा आवाज शाखेच्या उंबऱ्यातून बसस्टँडपर्यंत जाणारा. तो स्पीकरवर मांडवभर पोचला.

"साहेब, मला एवढंच सांगा, 'सासरा कंजूष' का 'सासरे कंजूष'? म्हणजे एकेरी का आदरार्थी?"

बँड चालूच होता. तरीही पंगतीतल्या पहिल्या रांगेने हात थांबवले. घड्याळात बारा अठ्ठावन्न, एकशे चाळीस नोंदी, मॅनेजरसाहेबांचा श्वास फोनवर ऐकू येतोय. मी डोळे मिटले आणि ओरडलो, "आदरार्थी! आदरार्थी बहुवचन!"

"झालं की हो, उघडलं!" तिकडे टाळ्या पडल्या. इकडे पडल्या नाहीत.

बायको मला त्या दिवशी काही बोलली नाही. त्याबद्दल ती अजूनही अधूनमधून काही बोलत नाही. सासूबाईंनी जिलेबी वाढली, पण एकच. सासऱ्यांनी मात्र मुलीची पाठवणी होईपर्यंत चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. पोस्टात चाळीस वर्षं लोकांची पत्रं हाताळलेला माणूस. उघड्या पोस्टकार्डावरचा मजकूर वाचूनही न वाचल्यासारखं करायची सवय असणार.

संध्याकाळी निघताना त्यांनी दाराशी बोलावून जावयाचं पाकीट हातात दिलं. मी वाकून नमस्कार केला. रिक्षात बसल्यावर बायकोने पाकीट माझ्या हातातून घेऊन उघडलं. पन्नासची नोट होती, पाकिटावर रुपया चिकटवलेला होता. आणि तळाशी आणखी एक रुपया, सुटा. सोबत पोस्टातल्या त्या गोल, सुबक अक्षरात एक चिठ्ठी:

'जावईबापू, नव्वद दिवस होत आले असतील. बदलायला सोयीचं जावं म्हणून एक वाढवला आहे. घड्याळाला रोज किल्ली द्यावी.'