दीडशे लिटरची भावकी

बीडमध्ये पाण्याचा प्रश्न सगळ्यांनाच आहे. सरांचा प्रश्न जरा वरच्या वर्गातला आहे. त्यांना मऊ पाणी लागतं.

उन्हाळ्यात कॉलनीत टँकर आला की लोक घागरी, बादल्या, कॅन, पाइप घेऊन धावतात. सर धावतात ते खिशातून पेनासारखं एक यंत्र काढत. नळीखाली ओंजळ धरायची, तिच्यात ते टोक बुडवायचं, आकडा बघायचा आणि नापास पोराचा पेपर बघितल्यासारखी मान हलवायची. "नऊशे दहा. क्षार फार आहेत. कामाचं नाही." पहिल्या वेळी टँकरवाल्याला वाटलं, साहेब तपासणीला आले. त्यानं घाबरून दोन बादल्या जास्त दिल्या. आता तो ओळखतो. लांबूनच ओरडतो, "सर, माशायला इचारून या, घ्यायचं का पुढं जाऊ?"

सर म्हणजे बेट्टा मासे पाळणारे, बेट्टावाले सर. हा प्राणी हल्ली जिल्ह्याच्या गावालाही सापडतो. पूर्वी त्याच्या जागी पोस्टाची तिकिटं जमवणारा असायचा, मधल्या काळात निवडुंगवाला येऊन गेला. साध्या मासेवाल्याशी त्याची गल्लत करू नका. साधा मासेवाला पोराच्या हट्टापायी दोन गोल्डफिश आणतो, पोरगं त्यांना बिस्किट चारतं, आणि पंधरा दिवसांनी त्या टाकीत मनी प्लँट लागतो. सरांचं तसं नाही. दुकानात काचेच्या बरणीत एकटा ठेवलेला, झालरीच्या शेपटीचा फायटर असतो ना, त्याचं नाव सरांपुढे काढून बघा. भजनी मंडळात डीजेची सुपारी विचारल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

कारण तो फायटर माणसानं घडवलेला. आधी झुंजीसाठी, मग शेपटीसाठी, पिढ्यान्‌पिढ्या. दोन नर एका भांड्यात टाकले की एक जण चिंध्या होऊनच बाहेर येतो. सरांकडे आहेत ते मूळचे रानटी. दक्षिण थायलंड आणि मलेशियाकडच्या भातखाचरांत, गवताळ डबक्यांत राहणारे, बोटाच्या दोन पेरांएवढे. बेट्टा इम्बेलिस. 1975 साली लाडिगेस नावाच्या जर्मन संशोधकानं हे नाव ठेवलं. लॅटिनमध्ये इम्बेलिस म्हणजे न लढणारा. "एकत्र नांदतात," सर सांगतात. "दोन नर, चार माद्या. एका छताखाली."

'एकत्र नांदतात' हे शब्द बीड जिल्ह्यात उच्चारायला धाडस लागतं. 2019 साली थायलंडच्या सरकारनं लढाऊ माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याच साली आमच्याकडे विधानसभेला बीडमध्ये काका-पुतणे समोरासमोर होते आणि परळीत चुलत भाऊ-बहीण. मान मात्र थायलंडच्या माशाला गेला.

सरांच्या स्वतःच्या घराला मधोमध भिंत आहे. पलीकडे सख्खा थोरला भाऊ. चार फुटांच्या बोळावरून दावा चालू आहे, आणि बोलणं तीन वर्षांपासून बंद. भिंतीच्या अलीकडे तीन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा फूट उंच काचेची टाकी. म्हणजे दीडशे लिटरच्या वर पाणी. तिच्यापुढे बसून सर आल्यागेल्याला सलोख्याचं शास्त्र समजावून सांगतात.

"भांडण जागेचं नसतं, नजरेचं असतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. म्हणून टाकीत मोकळं असं काही दिसतच नाही. आडवी-उभी मुळं, कुंडीच्या फुटक्या खापऱ्या, वर तरंगणारी पाणवनस्पती. एका नराला त्याच्या कोपऱ्यातून दुसरा दिसता कामा नये. दिसला, तर पळायला आडोसा पाहिजे. मी एकदा तो सामना पाहिला. दोघे समोर आले. कल्ले फुगवले. अंग गर्द निळं झालं, कल्ल्यांवरच्या हिरव्या रेघा पेटल्या. एकमेकांना समांतर होऊन शेपटीनं पाण्याचे तडाखे दिले. मला वाटलं, आता काही खरं नाही. तेवढ्यात एकाचा रंग उतरला, अंगावर फिकट पट्टे आले आणि तो मुकाट्यानं मुळामागे गेला. दुसरा मागे लागला नाही. "बघा," सर म्हणाले, "दोन मिनिटांत निकाल. वकील नाही, तारीख नाही." त्याच दिवशी त्यांची तारीख होती. सकाळी जाऊन, पुढची घेऊन आले होते.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला, "किती किलोचा होतो?" दुसरा पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून. माजलगाव धरणाचं कटला-रोहू खाल्लेल्या माणसाला पाच सेंटिमीटरचा मासा दाखवणं म्हणजे त्याचा अपमानच. सर मग मरळीचा दाखला देतात. बाजारात टोपल्यात मरळ पाण्याबाहेरही वळवळत राहते, ती वरची हवा घेते म्हणून. बेट्टाचंही तसंच. कल्ल्यांच्या वर त्याला हवा ओढायची वेगळी सोय आहे, दर थोड्या वेळानं पृष्ठभागावर येऊन तो एक घोट घेऊन जातो. "हवेचा पंप लागत नाही. लाइट गेली तरी फरक पडत नाही," सर सांगतात. "बीडसाठीच बनलेला मासा आहे." फक्त उड्या मारतो, म्हणून टाकीला झाकण लागतं. आणि बीडचा मे महिना त्याला सोसत नाही, म्हणून कूलर टाकीच्या तोंडाशी लागतो. घरातली माणसं टाकीला वळसा घालून जो काय वारा येईल तो घेतात.

मऊ पाण्याची तजवीज म्हणजे गच्चीवरच्या पन्हाळीखाली निळे ड्रम. पहिला पाऊस धुळीचा, तो सोडायचा. दुसऱ्या पावसाला गाव भजी तळतं, सर ड्रमापाशी भिजत उभे असतात. आणि या पाण्यात घालायची ती बदामाची वाळकी पानं. खायचा बदाम नव्हे. आपल्या शाळांच्या आवारात छत्रीसारखं पसरतं ते झाड. पान पाण्यात कुजलं की पाणी चहासारखं होतं, जरासं आंबट होतं, माशांना रानातल्यासारखं वाटतं. परदेशात ही पानं मोजून पाकिटात विकतात. सरांच्या शाळेत ती शिपाई रोज झाडून पेटवायचा. एका सकाळी सर वाकून पानं वेचू लागले. एकेक पान उजेडाला धरून बघायचे, नीट असलं तर पिशवीत. शिपायानं मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं, "सरला स्वच्छतेचं याड लागलंय." गाडगेबाबा जयंतीला सत्कार ठरला. सरांनी तो घेतला.

टाकीतलं तपकिरी पाणी बघून मात्र कोणीच काही विचारत नाही. नळाला कधीकधी तसंच येतं.

यापेक्षा मोठा पेच अळ्यांचा. या माशांना वाळका खाऊ फारसा रुचत नाही, हलतं काही लागतं. हलतं, फुकटचं आणि ताजं म्हणजे डासाची अळी. म्हणून सरांच्या मागच्या अंगणात जुन्या साडीखाली एक बादली असते. आठवड्याला कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा, म्हणून सांगत आशाताई दारोदार फिरत होत्या. त्यांनी साडी उचलली.

"सर, ह्याच्यात अळ्या हायत."

"आहेत ना. पाळल्यात."

आशाताईंनी वहीकडे पाहिलं. अळ्या आढळल्या का, असा रकाना होता. पाळल्या का, असा नव्हता. सरांनी त्यांना टाकीपाशी नेलं, चमचाभर अळ्या सोडून दाखवल्या, सहा माशांनी त्या निमिषात फस्त केल्या. ताई बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या आपुलकीनं पिशवीत गप्पी मासे घेऊन आल्या आणि सर शाळेत असताना बादलीत सोडून गेल्या. संध्याकाळी बादलीत एक अळी शिल्लक नव्हती. अंगणातला तो आकांत भिंतीपलीकडेही ऐकू गेला असणार.

सर तसे पुरोगामी. आंतरजातीय विवाहाच्या मंडपात शुभेच्छांचं भाषण त्यांचंच. पण पुण्याच्या एका मित्रानं इम्बेलिसच्या जोडीला स्मॅराग्डिना ठेव म्हणून सुचवलं, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. हा ईशान्य थायलंडचा चुलत भाऊ. दोघांची सहज सोयरिक जमते आणि पिल्लं होतात. "मग वंशाचं काय राहिलं?" सर म्हणाले. या मंडळींत मासा कोणत्या भागातल्या डबक्यातून आला, ते गाव नावापुढे लावायची पद्धत आहे. मासे घेताना सरांनी गाव विचारलं, आई-बाप विचारले, फोटो मागवला. थर्माकोलच्या खोक्यात प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मंडळी आली, तेव्हा सर पहाटे चार वाजता स्टँडवर उभे होते. बीडला रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला. हे मासे त्याआधीचे, रस्त्याने आलेले.

घरटं बांधायचं काम नर करतो. तोंडातून एकेक बुडबुडा सोडत पानाखाली फेसाची गादी रचतो, अंडी तिच्यात ठेवतो, खाली पडलेलं अंडं तोंडात धरून परत वर चिकटवतो, आणि मादीलाही जवळ फिरकू देत नाही. अंडी फुटेपर्यंतच्या दीड-दोन दिवसांत घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद, दार आपटायचं नाही. सर चटईवर आडवे होऊन डोळे लावून बसतात. सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा ठेवतात आणि मला ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणतात, "बबलूच्या वेळी हे दवाखान्यात नव्हते. इलेक्शन ड्यूटी होती म्हणे."

गेल्या उन्हाळ्यात ड्रम संपले, टँकर चार दिवस फिरकला नाही. हौदाचा तळ दिसायला लागला. संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो, तेवढ्यात भिंतीवरून हिरवा पाइप अलीकडे आला. हात वहिनींच्या जावेचा, पण बोअर थोरल्याचं. पाइप खळखळला, पाणी आलं. सर उठले, वाटलं हात जोडतील. त्यांनी पेन काढलं. धारेत धरलं.

"बाराशे चाळीस," ते म्हणाले. "हे टाकीला..."

वहिनींनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, पदराला पुसलं, स्वतःच्या कमरेला खोचलं आणि पाइप हौदात सोडला.

पलीकडून थोरल्याचा आवाज आला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"कितीक आलं रे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "बाराशे चाळीस."

बराच वेळ नुसतं पाणी पडत होतं.

"मला बाराशे वीस दावायलंय," थोरला म्हणाला. "तुझं जुनं झालं असंल."